उन्हात धरलेला हात

१

रविवारी सकाळी काका आणि काकू मिठागरावर जातात, हे गल्लीत दूध घालणाऱ्यालाही माहीत होतं. त्या दिवशी तो एक पिशवी कमी ठेवायचा. चुकून नेहमीएवढ्या ठेवल्याच, तर सोमवारी काकूंचे चार शब्द मुकाट्याने ऐकून घ्यायचा.

काकांचा फोटो स्टुडिओ होता. मालक तेच आणि गडीही तेच. आठवडाभर ओळखपत्रांचे फोटो काढायचे. हनुवटी जरा खाली, खांदे सैल, हसू नका, झालं. रविवार मात्र पक्ष्यांचा, आणि तोही फक्त पांढऱ्या पक्ष्यांचा. रंगीत पक्षी काय, कोणीही काढतो, असं त्यांचं मत होतं. भर उन्हात उभ्या असलेल्या बगळ्याच्या छातीवरचं पीस न् पीस फोटोत आणायचं, ही खरी परीक्षा.

अडचण अशी, की कॅमेरा हे मुळात भोळं यंत्र आहे. समोर दिसेल ते सगळं मिळून मध्यम करडं असणार, अशी त्याची ठाम समजूत. पांढऱ्या पक्ष्याने चौकट भरली, की हे फारच उजळ झालं म्हणून तो उजेड कमी करतो आणि बगळा मळका येतो. पक्षी लहान आणि मागचं पाणी काळं असलं, की हे फारच अंधारलं म्हणून तो उजेड वाढवतो आणि बगळा जळून जातो. जळतो म्हणजे पिसं, कडा, सावली सगळं जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. मळका आलेला फोटो घरी बसून उजळ करता येतो. जळालेल्यातून काहीच परत आणता येत नाही, कारण तिथे काही उतरलेलंच नसतं.

काकांना हे कोणी शिकवलं नव्हतं. चुका करत, फोटो वाया घालवत ते स्वतःच शिकले होते, आणि शेवटी त्यांनी स्वतःपुरता एक उपाय शोधला होता. तळहात. माणसाचा तळहात बारा महिने जवळपास तेवढाच उजळ असतो. पक्ष्यावर जे ऊन पडलंय त्याच उन्हात तळहात धरायचा, त्यावरचा उजेड कॅमेऱ्याने मोजायचा, त्याहून एक पायरी जास्त उजेड आत घ्यायचा आणि मग पक्ष्याकडे वळायचं. त्यानंतर कॅमेऱ्याने काहीही सांगितलं तरी ऐकायचं नाही.

तळहात काकूंचा. काकांचे स्वतःचे हात फोटो धुवायच्या जुन्या अंधाऱ्या खोलीतल्या रसायनांनी कायमचे डागाळलेले, आणि वर ती जड लेन्स सांभाळण्यात अडकलेले. त्यामुळे लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलं होतं. काकू बांधावर थोड्या पुढे जाऊन उभ्या राहायच्या, काका मागून "हात" एवढंच म्हणायचे, आणि काकू उजवा हात पुढे करून तळवा उन्हाकडे धरायच्या. काका माप घ्यायचे, एक फोटोही काढून ठेवायचे, आणि "झालं" म्हटलं की हात खाली.

"लग्नाच्या वेळी हात मागितलात," काकू कधीतरी म्हणायच्या, "तो अजून परत दिला नाहीत."

२

थंडी ओसरत आली होती तेव्हाचा एक रविवार. ऊन स्वच्छ होतं, वाफ्यांतलं पाणी आरशासारखं, आणि पाणी आत घ्यायच्या फळीपाशी बगळ्यांचा सगळा थवा मासळीवर टपून उभा. याहून चांगला दिवस मागून मिळत नाही. काका खुशीत घरी आले, जेवले, आणि मागच्या खोलीत संगणकापुढे बसले. काकू शेजारीच मटार सोलत होत्या.

पहिला फोटो उघडला आणि काकांचा हात थांबला. बगळे काळवंडलेले होते. मळकट नव्हे, राखेत लोळून आल्यासारखे. पाणी तर डांबरासारखं. दुसरा फोटो तसाच, तिसरा तसाच.

काकूंनी मान लांब करून पाहिलं आणि आज बगळ्यांनी आंघोळ केली नव्हती वाटतं, असं म्हणून पुढची शेंग फोडली.

काका हसले. पण माप घेताना आकडा कितीवर आला होता, ते त्यांना आठवत होतं. शटरचा वेग एरवी हजाराच्या आसपास असायचा, तिथे तो चार हजारांवर गेला होता. म्हणजे काकूंच्या हातावर नेहमीच्या चौपट उजेड होता. तेव्हा वाटलं, ऊनच कडक आहे. पण ऊन कडक असतं, तर बगळेही तेवढेच उजळ आले असते. ऊन काही माणूस बघून पडत नाही.

आपलंच चुकलं असेल, असं म्हणून त्यांनी संगणक बंद केला. पुढच्या रविवारी त्यांनी अगदी शांतपणे, श्वास रोखून माप घेतलं. त्या दिवशीचे बगळे आणखी काळे आले.

३

कॅमेरा दुरुस्त करणारा काकांचा जुना मित्र होता. कपाळावर कायम भिंग चढवलेलं, म्हणून सगळे त्याला भिंग्या म्हणायचे. आंघोळीलाही तो ते काढत नाही, असं त्याची बायकोच सांगायची. त्याने कॅमेरा उघडला, झटकला, तपासला, पुन्हा बंद केला आणि काकांपुढे ठेवला.

"कॅमेरा तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तू स्वतःला कुठेतरी दाखवून घे."

काकांनी मग स्टुडिओच्या दारात उभं राहून स्वतःचा डागाळलेला तळवा उन्हात धरला. आकडा बरोबर. भिंतीवरचं ऊन मोजलं, बरोबर. समोरच्या न्हाव्याला बोलावून त्याचा हात मोजला. न्हाव्याला वाटलं भविष्य सांगतायत, म्हणून त्याने दुसराही हात पुढे केला. दोन्ही बरोबर.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. काकांनी त्यांना दारात उभं केलं आणि हात पुढे करायला सांगितलं. कॅमेऱ्यातला काटा सरळ टोकाला गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

हाताला काही लावलंयस का, असं काकांनी विचारलं. पीठ, क्रीम, काही? काकूंनी तळवा स्वतःच उलटसुलट करून बघितला. काही नव्हतं. तरी काकांनी त्यांना मागच्या नळावर साबणाने हात धुवायला लावला, पुसायला लावला, आणि या वेळी आतल्या बाजूला, काउंटरमागच्या अंधारात हात धरायला सांगितला. तिथे ऊन पोचत नव्हतं. दिवाही बंद होता.

काटा पुन्हा टोकाला.

काकांनी कॅमेरा खाली घेऊन नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. समोर काकूंचा हात होता. रोज दिसतो तो. अंगठ्याखाली कुकरच्या वाफेने भाजल्याची जुनी खूण, मधल्या बोटावर सुईची बारीक भोकं, आणि मनगटावर ती एकच बांगडी, बाकीच्या फुटल्या तरी टिकून राहिलेली. उजेड कुठेच नव्हता. पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिलं, तर कॅमेरा सांगत होता की समोर बगळ्यापेक्षाही पांढरं काहीतरी भर उन्हात उभं आहे.

दोघांपैकी एक खोटं बोलत होता, डोळा किंवा कॅमेरा. आणि कॅमेऱ्याला खोटं बोलून काय मिळणार, हे काकांना सुचेना.

"जेवण निवतंय," काकू म्हणाल्या. "हात खाली घेऊ का?"

४

माप घेताना काढलेले हाताचे फोटो काका कधी उघडून बघत नसत. बघण्यासारखं त्यात काय असणार? त्या संध्याकाळी त्यांनी ते एकापुढे एक लावले.

गेल्या पावसाळ्याआधीचा हात हातासारखा होता. रेषा, खूण, बांगडी. त्यानंतरच्या फोटोत तळव्याच्या मध्ये एक वाटाण्याएवढा पांढरा ठिपका. काकांनी आधी तो घामाचा थेंब समजला. पुढच्यात तो नाण्याएवढा. मग रेषा पुसल्या गेल्या, मग बोटं एकमेकांत विरघळली, आणि शेवटच्या फोटोत मनगटाच्या पुढे हाताच्या आकाराचा एक कोरा डाग तेवढा होता. जळालेला भाग कुठे आहे ते कळावं म्हणून संगणकाच्या पडद्यावर तो काळा-पांढरा लुकलुकतो. तसा तो लुकलुकत होता. खोलीत पंख्याच्या कुरकुरीशिवाय आवाज नव्हता, आणि पडद्यावरचा हात उघडझाप करत राहिला.

काकांनी तो फोटो गडद करून पाहिला. पाणी काळं झालं, आभाळ काळं झालं, बांध दिसेनासा झाला. हात पांढराच. मग त्यांनी माउस सोडला आणि हात मांडीवर ठेवून बसले. जळालेल्यातून काही परत येत नाही, हे गिऱ्हाइकांना समजावून सांगण्यात त्यांची हयात गेली होती.

दोन दिवसांनी खाज येते असा बहाणा करून त्यांनी काकूंना त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी हात निरखून पाहिला, दाबून पाहिला. तुम्ही लग्नाच्या मुलगी असतात तर लोक हात मागायला आले असते, इतका छान हात आहे, म्हणून हसल्या. फक्त बघताना मध्येच त्यांनी डोळे मिचकावले आणि शेजारी उभ्या असलेल्या नर्सला टेबलावरचा दिवा जरा बाजूला सरकवायला सांगितलं, डोळ्यांवर येतोय म्हणून.

जिना उतरताना काकांच्या लक्षात आलं, की तो दिवा लावलेलाच नव्हता.

५

त्यानंतर काका काकूंकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत बायकोकडे बघायचं म्हणजे काय, हे ते विसरूनच गेले होते. समोर असते, एवढं पुरत होतं.

काकू एका हाताने काम करत होत्या. दोरीवर कपडे डाव्या हाताने टाकायच्या, चिमटा दातात धरून. चहा डाव्या हाताने गाळायच्या. उजवा हात कोपरात किंचित वाकलेला, अंगापासून थोडा दूर, तळवा वर. गर्दीत लहान मुलाचा हात धरावा तसा. की लहान मुलाने आपला धरलेला असावा तसा? काकांना नेमकं सांगता आलं नसतं.

एकदा जेवताना त्यांनी विचारलंच. हात दुखतोय का?

"नाही तर."

मग असा का धरलायस?

काकूंनी हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्या कोणाचा आहे. "काय की. सवय लागली असेल तुमच्यामुळे." आणि त्यांनी तो पदराला पुसला. पण काकांचे दोन घास खाऊन होईतो तो पुन्हा तिथेच, हवेत.

हात उबदार असतो हल्ली, असं मात्र त्या आपणहून म्हणाल्या. इतकी थंडी पडली, डावा गारठून जायचा, पण उजव्याला काही नाही. ऊन मुरलं असेल आत. चांगलंच आहे की.

काकांनी तो हात हातात घेतला. उबदार होताच. पण त्यांनी तो आपल्याकडे ओढल्यावर तो लगेच आला नाही. दार वाऱ्याने अडलेलं असावं आणि जरा जोर लावल्यावर यावं, तसा आला. काकू वाढण्याच्या नादात होत्या. त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

६

काकूंचं ओळखपत्र नव्याने करायचं निघालं आणि फोटो हवा झाला. नवरा फोटोवाला असून मला वाण्याच्या दुकानातल्या यंत्रापुढे बसायला लावताय का, असं काकूंनी विचारल्यावर काकांपुढे काही पर्याय उरला नाही.

स्टुडिओतला तो निळा पडदा, ते गोल स्टूल, दोन बाजूंच्या दोन छत्र्या. या खोलीत काकांनी अख्ख्या वस्तीचे चेहरे काढले होते आणि एकही कधी जळाला नव्हता. काकू बसल्या. हनुवटी जरा खाली, काका म्हणाले. खांदे सैल. हसू नका म्हणायची वेळ आली नाही, कारण काकू आधीच गंभीर झाल्या होत्या. उजवा हात मांडीवर होता, पण तळवा वर.

फोटोत चेहरा स्वच्छ आला होता. डोळे, कपाळ, कानाजवळचे पांढरे केस एकेक मोजावेत असे. डावा खांदा, ब्लाउजच्या शिवणीसकट. उजवा खांदा नव्हता. त्या जागी पडद्याचा निळाही नव्हता. नुसतं कोरं, आणि ते गळ्याच्या बाजूने वर चढून कानाच्या पाळीपासून बोटभर अंतरावर येऊन थांबलेलं. थांबलेलं म्हणजे त्या क्षणापुरतं.

"बघू," काकू उठत म्हणाल्या.

काकांनी कॅमेऱ्याचा पडदा हाताने झाकला. डोळे मिटले गेले, परत काढतो, असं सांगितलं. मग त्यांनी दोन्ही छत्र्यांतले दिवे कमी केले. मग एक बंद केला. मग दुसराही. शेवटी रस्त्यावरून दारातून येणाऱ्या उजेडात काकूंचा चेहरा करडा, ओळखू न येण्यासारखा झाला, आणि ते कोरं मात्र तसंच्या तसं लुकलुकत राहिलं. खांदा वाचवायला गेलं तर चेहरा अंधारात जात होता. चेहरा वाचवायचा तर खांदा गेलेलाच होता.

पुढचा फोटो काढायची काकांची छाती झाली नाही. दिवे बिघडलेत म्हणून त्यांनी काकूंना घरी पाठवलं. आता पाळी चेहऱ्याची होती, आणि आपण त्याबद्दल काय करू शकतो याचा त्यांनी स्टुलावर बसून बराच वेळ विचार केला. औषध नाही, दुरुस्ती नाही, उपाय नाही. कोणाला सांगावं, तर सांगायचं काय? माझी बायको फोटोत जास्त उजळ येते? लोक म्हणतील, भाग्यवान आहात.

त्यांच्या हातात एकच गोष्ट होती. यापुढे "हात" म्हणायचं नाही.

७

तीन रविवार त्यांनी गुडघा दुखतोय म्हणून घरी काढले. चौथ्या रविवारी दुपारी ते एकटेच मिठागरावर गेले. कॅमेराही नेला नाही. कशासाठी गेलो, हे त्यांना घरी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मिठागराचा राखणदार त्याच्या खोपटापुढे बसला होता. जन्मभर मिठावरचं ऊन झेलून त्याचे डोळे इतके बारीक झाले होते, की उघडे आहेत की मिटलेले हे कळू नये. काकूंनी एकदा त्याला गॉगल आणून दिला होता. तो त्याने बैलाच्या चित्राला घातला होता, खोपटाच्या भिंतीवर. आज एकटेच का, असं त्याने विचारलं. गुडघ्याचं ऐकून घेतलं, तेल सुचवलं, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं.

"काका, काकूंबरोबर ते उंच कोण असतं?"

काकूंबरोबर मीच असतो, काका म्हणाले.

"तुम्ही मागे असता. पुढे, काकूंच्या हाताशी." राखणदाराने कुठल्या बाजूला, ते दाखवायला उजवा हात वर केला, बराच वर, आणि काकांच्या चेहऱ्याकडे पाहून खाली घेतला. "जाऊ द्या. मिठावर असं होतं. एकाचे दोन दिसतात."

काका परत निघाले तेव्हा उन्हाने त्यांचे डोळे पाणावले होते. ते बारीक करत करत चालताना त्यांच्या मनात आलं, की या माणसाचे डोळे म्हणजे सगळ्यात लहान छिद्राचा कॅमेराच. उजेड जवळजवळ आत येऊच द्यायचा नाही. आपण एक पायरी कमी केली, दोन केल्या, तीन केल्या. इतकं कमी आपण कधी केलं नाही. जळालेलं परत आणता येत नाही, हे खरं. पण ते अजून समोर आहे. काढतानाच इतका कमी उजेड घेतला, की जळणार नाही, तर?

ही आशा होती की दुसरं काही, ते त्यांना ठरवता येईना. रस्ताभर ते नको, नको असंच म्हणत आले. पण पुढच्या रविवारी काकूंनीच थर्मास भरला, पायात चपला सरकवल्या आणि गुडघ्याचे लाड पुरे झाले म्हणाल्या. काकांनी जायचं नाही असं म्हणून पाहिलं. काकू म्हणाल्या, मग मी जाते. आणि त्या खरंच जिना उतरू लागल्या, उजवा हात पुढे, कोणाच्या तरी आधाराने उतरावं तशा.

काकांनी कॅमेरा उचलला. निघताना खणातली काळी काच घेतली. ग्रहण लागलेला सूर्य काढायला कधीकाळी आणली होती ती.

८

बगळे फळीपाशीच होते. पूर्वी काकू बांधावर गेल्या की थवा उडायचा आणि काका चिडायचे. आज एकही हलला नाही. काकू त्यांच्यामधून चालत गेल्या. दोघेतिघे इतके जवळ होते, की साडीची कड त्यांना लागली असती. बगळे काकूंकडे बघत नव्हते. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या, काकूंच्या उजवीकडे, आणि चोची वर होत्या. उंच काहीतरी असलं की जिथे बघावं लागेल, तिथे.

तिथे ऊन होतं. दुसरं काही नव्हतं. काकांनी पुन्हा पुन्हा पाहिलं.

त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर बसवला. छिद्र सगळ्यात बारीक केलं. शटर सगळ्यात वेगाने. लेन्सपुढे काळी काच लावली, आणि त्यातून बघितल्यावर भर उन्हातलं मिठागर गायब झालं. आभाळ नाही, पाणी नाही, मिठाचे ढीग नाहीत. थवाभर पांढरे बगळे काळोखात गेले. चौकटीच्या मधोमध मंद असं काहीतरी उरलं.

काका "हात" म्हणाले नाहीत. ओठ दाबून त्यांनी कळ दाबली.

पडद्यावर फोटो आला. काहीच लुकलुकत नव्हतं. जळालं नव्हतं. काळ्याभोर चौकटीत काकूंचा हात होता, तोच, सगळ्या रेषांसकट. काकांनी तो मोठा करून पाहिला. अंगठ्याखालची भाजलेली खूण होती. सुईची भोकं होती. बांगडी होती. म्हणजे हात उजळला नव्हताच कधी. हात जसा होता तसाच होता. त्याच्यावर उजेड पडत होता, इतकंच. अगदी जवळून.

मग त्यांना बांगडीच्या खाली बोटं दिसली.

आधी त्यांना ती काकूंचीच वाटली. पण काकूंची वर होती, पसरलेली. ही मनगटाला होती. मनगटाला एक वेढा देऊन ती पुन्हा वर आली होती, इतकी लांब. त्यांना नखं नव्हती, आणि पीस न् पीस दिसावं तसा त्यांचा सांधा न् सांधा दिसत होता. त्यांच्यामागे जे काही असेल, ते वर जात होतं. वर, चौकटीच्या बाहेर.

काकांनी मान वर केली. काळी काच नाही, कॅमेरा नाही, नुसते डोळे. समोर भर ऊन, पांढरं मीठ, पांढरे बगळे, आणि बांधावर तिरकी, तोंड पलीकडे करून उभी असलेली त्यांची बायको. हात पुढे केलेला. इतकी वर्षं, दर रविवारी, आपणच तो पुढे करायला लावला. उन्हात, रिकामा, कोणासमोर ते न बघता.

धावायचं त्यांच्या मनात आलं. पण त्यांच्यात आणि काकूंमध्ये एक अख्खा वाफा पाणी होतं. त्यांनी घसा साफ केला, आणि आपला आवाज नेहमीसारखा निघावा म्हणून जमेल तेवढं केलं.

"अगं, झालं. हात खाली घे आता."

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांच्या आवाजात नेहमीचा, थोडा वैतागलेला जिव्हाळा होता.

"घेते ना. आधी तुम्ही सोडा तरी."